लिमिट : सीमा, मर्यादा की लक्ष?

रावपुरेकर : भाची गुजराती माध्यमात अकरावी सायन्सला आहे. तिच्या गणितात धडा आहे 'लक्ष अने विकलन', म्हणजे लिमिट आणि डिफरन्सिएशन. फंक्शनला (क्ष घातला की एक किंमत देणारा नियम) तिथे 'विधेय' म्हणतात. 'विधेयाचं लक्ष शोधा' हे वाचून आमचे आजोबा व्याकरणाचं पुस्तक शोधायला लागले! मराठीत समजावताना लिमिटला, म्हणजे क्ष एखाद्या संख्येकडे सरकताना फंक्शनची किंमत जिकडे जाते त्या संख्येला, काय म्हणावं? सीमा आणि मर्यादा दोन्ही ऐकलंय.

अंशछेद : सीमा म्हणा. मर्यादा नको, कारण मर्यादा म्हटली की ती ओलांडायची नाही असं डोक्यात बसतं आणि लिमिटला तसलं काही बंधन नसतं. साइन क्ष भागिले क्ष घ्या. क्ष अनंताकडे जाताना याची सीमा ०. पण वाटेत किंमत शून्याच्या वर-खाली होतच राहते, अनंत वेळा शून्य ओलांडते. शिवाय 'बाउंडेड'ला (ज्याच्या किमती ठराविक हद्दीतच राहतात) बरेच जण 'मर्यादित' म्हणतात. दोन वेगळ्या कल्पनांना एकच शब्द दिला की पोरं गोंधळणारच.

दांडियाबाजार : अहो, मग सीमेवर तरी कुठे कोण थांबतं? मला विचाराल तर गुजरातीतला 'लक्ष' सगळ्यांत नेमका. लक्ष म्हणजे नेम धरायची जागा, संस्कृतातही तो अर्थ आहेच. बाण तिकडे चाललाय एवढंच सांगायचं, लागला की नाही हा प्रश्न वेगळा. (क्ष² − ४) भागिले (क्ष − २) घ्या :

क्ष = १.९ → ३.९
क्ष = १.९९ → ३.९९
क्ष = २.०१ → ४.०१

थेट २ घातले तर शून्य भागिले शून्य, म्हणजे तिथे किंमतच नाही. तरी डावीकडून या की उजवीकडून, चाललोय ४ कडेच. हे 'लक्ष'मध्ये जितकं दिसतं तितकं 'सीमे'त दिसत नाही.

अंशछेद : शब्द चांगला, पण मराठी कानाला लक्ष म्हणजे ध्यान, नाहीतर एक लाख. 'या फलनाचं (फंक्शनचं) लक्ष ४ आहे' हे कोणाला कळणार?

इंदूरची मावशी : आमच्याकडे हिंदी पुस्तकात 'सीमा और अवकलज'. घरी मराठीतही सीमाच म्हणतो, मुलांना दोन शब्द पाठ करायला नकोत. गुजरातीत विकलन, हिंदीत अवकलन, मराठीत दोन्ही चालतात, त्यावर भांडू नका.

दांडियाबाजार : मावशी, शब्दांवरून भांडणं ही बडोद्याची जुनी हौस! सयाजीरावांनी १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' काढला, तोही आठ भाषांत. आपण एका शब्दावरच अडलोय.

रावपुरेकर : आणि क्रियापद? भाची 'किंमत मूकली' म्हणते, गुजराती 'मूकवुं' म्हणजे ठेवणे, त्यावरून.

अंशछेद : तिला 'घातली' शिकवा, पण आधी ती कधी घालायची ते शिकवा. 'क्ष = ० घातला' आणि 'क्ष शून्याकडे जाताना' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, धड्याचा अर्धा जीव तिथेच आहे. फलन त्या जागी संतत (न तुटता सलग) असेल तर किंमत घाला, काम झालं. शून्य भागिले शून्य आलं तर अवयव पाडा, वर-खाली सारखा असेल तो छेदा आणि मग घाला. मधल्या ओळींत 'लिम' लिहायला विसरली तर गुण जातात, हेही सांगा.

रावपुरेकर : अवयव जमतात तिला. क्ष शून्याकडे जाताना साइन क्ष भागिले क्ष चं उत्तर पुस्तकात १ आहे. तिने कॅल्क्युलेटरवर ०.१ घालून पाहिलं तर ०.०१७४ आलं. का?

दांडियाबाजार : कॅल्क्युलेटर अंशांवर (डिग्रीवर) असणार. रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) करा, ०.९९८ येईल. अंशांत मोजलं तर या सीमेची किंमत पाय (π) भागिले १८० येते, तेच ते ०.०१७४...

इंदूरची मावशी : पाहा, स्वतःच 'सीमा' म्हणालात!

रावपुरेकर : चालेल. पेपरात 'लक्ष', घरात 'सीमा'. आता फंक्शनला 'फल' म्हणायचं की 'फलन'? 'विधेय' आजोबा चालवून घेणार नाहीत.