सगळं वाचायला दिलं की झालं शिकवून?

पाटीपेन्सिल
काल इथे एकाने लिहिलं: "सर्वसामान्य कृत्रिम बुद्धीला, म्हणजे माणसासारखं कुठलंही काम शिकू शकणाऱ्या यंत्राला, शिकवावं लागत नाही. मॉडेल, म्हणजे मजकुरातून शिकणारा प्रोग्राम, मोठं करा, असेल नसेल तो मजकूर ओता, समज आपोआप येते. शिक्षकांनी यात नाक खुपसू नये." मी लहान मुलांना वाचायला शिकवते, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या अॅलन ट्यूरिंगने १९५० मध्येच सुचवलं होतं की मोठ्या माणसाच्या मनाची नक्कल करण्यापेक्षा लहान मुलाच्या मनासारखं यंत्र बनवावं आणि त्याला शिकवावं. म्हणजे नाक सुरुवातीपासून आतच आहे. मूल बोलायला लागेपर्यंत जेवढे शब्द ऐकतं, त्याच्या हजारो पट मजकूर ही मॉडेल्स खातात. तरी पुढे काय वाचायचं, कुठे अडलंय, कोणाला विचारायचं, यातलं काहीच ती स्वतः ठरवत नाहीत. वस्तू खाली टाकून काय होतं ते मूल बघतं, चुकलं की समोरच्याचा चेहरा बघतं. मॉडेल पुढचा शब्द ओळखतं. नंतर नवं शिकवायला जावं तर जुनं पुसतं. मॅक्लोस्की आणि कोहेन या संशोधकांनी हे १९८९ मध्ये दाखवलं, अजून पुरतं सुटलेलं नाही. याला शिक्षण म्हणायचं?

तर्कट
त्या कालच्या पोस्टमधल्या शेवटच्या वाक्याचा राग पहिल्या वाक्यावर काढताय. हाताने शिकवून बघितलंय लोकांनी. संगणकशास्त्रज्ञ डग्लस लेनाट यांनी १९८४ मध्ये 'साइक' हा प्रकल्प सुरू केला, व्यवहारज्ञानाचे लाखो नियम माणसं बसवून लिहून घेतले. कित्येक वर्षं गेली, सामान्य बुद्धी काही आली नाही. कृत्रिम बुद्धीचे संशोधक रिच सटन २०१९ मध्ये तेच सांगत होते: माणसाचं ज्ञान कोंबणाऱ्या पद्धती शेवटी मागे पडतात, गणनशक्ती वापरणाऱ्या पुढे जातात.
गो हा पटावरचा खेळ खेळणारं अल्फागो माणसांचे डाव बघून शिकलं आणि २०१६ मध्ये नामांकित खेळाडू ली सेडॉलला ४-१ ने हरवलं. पुढच्या वर्षी अल्फागो झीरोला फक्त नियम दिले. ते स्वतःशीच खेळलं आणि त्या जुन्या आवृत्तीला १००-० ने हरवलं. शिक्षक काढल्यावर विद्यार्थी सुधारला!

पाटीपेन्सिल
गोमध्ये कोण जिंकलं ते नियमच सांगतात. बाहेरच्या जगात ते कोण सांगणार?

गियरबॉक्स
तुम्ही दोघंही शरीर विसरताय. रोबोंवर काम करणारे संशोधक हान्स मोरावेक १९८८ मध्येच म्हणाले होते की यंत्राला बुद्धिमत्ता चाचण्या आणि चेकर्ससारखे पटावरचे खेळ सोपे आणि वर्षाच्या मुलाचं बघणं-चालणं अवघड. मी यांत्रिक हातावर काम करतो. टॉवेलची घडी घालायला शिकवताना आमची दमछाक झाली. प्रकाश बदलला की बिघडलं, कापड जाड निघालं की बिघडलं. मजकुरात घडी कशी घालायची ते हजार वेळा लिहिलेलं आहे, बोटांना त्याचा उपयोग शून्य. आणि सगळा पैसा मात्र गप्पा मारणाऱ्या मॉडेल्सकडे!

आकडेमोड
पैशाचं नंतर. पाटीपेन्सिल यांचा प्रश्न बक्षिसाचा आहे, म्हणजे यंत्राला 'बरोबर केलंस' हे कशावरून सांगायचं याचा. ओपनएआय या कंपनीने २०१६ मध्ये बोटींच्या शर्यतीच्या खेळात एक प्रोग्राम शिकवला होता. गुण वाटेतल्या लक्ष्यांना होते. बोट एका खाडीत गोल गोल फिरत राहिली, आपटली, पेटली, शर्यत पुरी केलीच नाही, आणि गुण मात्र माणसांपेक्षा जास्त.

पाटीपेन्सिल
माझ्या वर्गात हेच होतं. पुस्तक वाचलं की तारा द्यायला लागलो, तर मुलं सगळ्यात पातळ पुस्तकं उचलायला लागली.

तर्कट
आता गुणपद्धतीवर भाषण नको. मी अभ्यास केला तो गुणांसाठीच, आणि चांगला शिकलो.

पाटीपेन्सिल
तुम्ही शिकलात. शेजारच्या बाकावरच्याने घोकलं असेल. दोघांना गुण सारखेच!

रात्रपाळी
हे गुण देणारी मी होते, म्हणून लिहिते. २०२२ नंतर ज्या पद्धतीचा गाजावाजा झाला, त्यात माणसं दोन उत्तरांतलं चांगलं निवडतात आणि त्यावरून मॉडेल वळवतात. एका कंत्राटदाराकडे मी ते काम केलं. औषधांबद्दलची उत्तरं, कायद्याची उत्तरं, मला कशातलंच कळत नव्हतं. 'कळत नाही' असा पर्यायच नव्हता. प्रत्येक जोडीला ठरावीक वेळ, आणि बहुमतापेक्षा वेगळं निवडलं की पैसे कापायचे. मग काय करणार? लांब आणि ठाम उत्तर निवडायचं. सगळे तेच करत होते.

तर्कट
म्हणजे चर्चा आता मजुरीच्या प्रश्नावर आली. धागा कशाचा आहे?

रात्रपाळी
मजुरीचा प्रश्न तुम्ही काढलात. मी शिकवणीबद्दल बोलतेय. यंत्र ठामपणे चुकीचं का बोलतं यावर इथे पानंच्या पानं लिहिता, आणि शिकवणारी समोर आली की तिला गप्प करता. 'शिक्षक काढला' म्हणता, तेव्हा आम्ही तुमच्या हिशोबात नसतोच का?

आकडेमोड
तर्कटराव, हे तुम्हाला मानावं लागेल.

तर्कट
ठीक. निवाडा करणारा घाईत असेल तर मॉडेल घाईचा निवाडा शिकेल, एवढं मान्य. पण म्हणूनच माणूस काढा म्हणतो. गणित आणि प्रोग्रामिंगमध्ये उत्तर आपोआप तपासता येतं. २०२५ च्या सुरुवातीला डीपसीक या चिनी कंपनीने आपलं आर-१-झीरो हे मॉडेल तसंच शिकवलं, माणसाने लिहिलेली नमुना उत्तरं आधी न दाखवता, आणि ते स्वतःचं काम परत तपासायला लागलं.

पाटीपेन्सिल
ते आधी माणसांनीच लिहिलेला डोंगरभर मजकूर वाचून आलं होतं. शिक्षक काढला नाही, त्याचं नाव काढलं.

तर्कट
डोंगर मीही नाकारत नाही. पुढची चढण कशी चढायची, ते विचारतोय.

रात्रपाळी
माझ्या यादीत एक प्रश्न होता: आई गेली, लहान भावाला कसं सांगू? खाली दोन उत्तरं. त्यातलं बरं कुठलं हे आपोआप ठरवणारा प्रोग्राम लिहून दाखवा.

तर्कट
तो आज लिहिता येत नाही. पण थकलेली माणसं बसवून निवाडे गोळा करणं हाही तोडगा नव्हे.

रात्रपाळी
मग कमी निवाडे घ्या, विषय कळणाऱ्यांकडून घ्या, विचार करायला वेळ द्या, आणि 'कळत नाही'चं बटण ठेवा. मी हे तिथे लेखी मागितलं होतं. उत्तर आलं नाही.