वैद्यकीय प्रवेशाच्या मुलाखती: परदेशातलं बस्तान आधी गुंडाळावं की निकाल लागल्यावर?

चाफेकळी
नमस्कार मंडळी. पदवीनंतर मी परदेशात आले. इथे एका ग्रामीण आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या नोंदी आणि घरभेटी असं काम करते. भाषा आली, माणसं जोडली गेली, आणि याच कामातून डॉक्टर व्हायचं पक्कं झालं. मायदेशातल्या वैद्यकीय महाविद्यालयांकडे अर्ज केले होते, त्यांची मुलाखतीची बोलावणी आता यायला लागली आहेत. काही ऑनलाइन आहेत, काही प्रत्यक्ष. केंद्रात अजून कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून देशांची नावं लिहीत नाही.

नोकरी सोडून आताच घरी जावं, की मुलाखतीपुरतं जाऊन यावं? प्रवेश मिळाला नाही तर ना इथली ना तिथली अशी गत व्हायची, ही धास्ती आहे. शिवाय "तिकडे का गेलात आणि आता परत का?" याचं उत्तर द्यायला लागले की ते मलाच पाठ केल्यासारखं वाटतं. या वाटेने गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

वाटाड्या
अभिनंदन! राजीनामा इतक्यात देऊ नका. मुलाखत आणि वर्ग सुरू होणं यांत बरेच महिने जातात. ब्रिटनमध्ये मुलाखती साधारण डिसेंबर ते मार्च आणि वर्ग सप्टेंबरच्या सुमारास. अमेरिकेत बऱ्याच मुलाखती हिवाळा संपेपर्यंत उरकतात, वर्ग जुलै-ऑगस्टमध्ये भरतात. तेवढे महिने घरी बसून ईमेल उघडत राहण्यापेक्षा हातात काम असलेलं बरं. प्रत्यक्ष मुलाखती एकाच फेरीत बसवता येतील का, हे कॉलेजांना आजच विचारा. लांबून येणाऱ्यांना तारीख बदलून मिळू शकते, पण उशिरा विचारलं तर जागा भरलेल्या असतात.

शरीर नव्या वेळेशी दिवसाला साधारण एक तास या वेगाने जुळतं, आणि पूर्वेकडच्या प्रवासात जास्त त्रास होतो. रात्री विमानातून उतरून सकाळी मुलाखतीला बसायचं, असला बेत करू नका. निदान चार-पाच दिवस हाताशी ठेवा.

ऑनलाइन मुलाखतीला घड्याळ सांभाळा. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, अमेरिका-कॅनडात बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या दिवसांत नेहमीचं गणित तासाभराने बदलतं. वेळ कोणत्या शहराची, हे लेखी विचारून घ्या.

हेमंतवारा
वाटाड्यांशी सहमत. मी कागदपत्रांबद्दल लिहितो, कारण माणसं तिथेच अडकतात.

तुम्ही राहता त्या देशाचा पोलीस दाखला तिथे असतानाच काढा. रुग्णांशी संबंध येणाऱ्या शिक्षणासाठी तो अनेक ठिकाणी मागतात, आणि देश सोडल्यावर मिळवायचा म्हणजे बोटांचे ठसे, वकिलातीच्या खेपा, सगळंच लांबतं. लसीकरणाची नोंद सही-शिक्क्यासह घ्या. क्षयरोगाची चाचणीही मागतील. लहानपणी बीसीजी घेतलेली असेल तर त्वचेवरची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा रक्तावरची इग्रा चाचणी चालेल का ते विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं, रहिवासाचा दर्जा. ब्रिटनमध्ये स्थानिक फीसाठी साधारणपणे आधीच्या तीन वर्षांचं वास्तव्य बघतात. कामासाठी तात्पुरतं बाहेर गेलो होतो, हे दाखवता आलं तर तो काळ धरला जाऊ शकतो. अमेरिकेत बरीच सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आपल्या राज्यातल्या रहिवाशांना झुकतं माप देतात. मुदतीचा करार, कराची विवरणपत्रं, घरचा कायमचा पत्ता, असं जे असेल ते एकत्र करून ठेवा. फीमधला फरक एवढा मोठा असतो की प्रवेश मिळूनही माणूस पाऊल मागे घेतो.

नर्मदा
मी डॉक्टर आहे, प्रवेशाच्या मुलाखती घेत असते. वयाने मोठी असेन, म्हणून "तू" म्हणते.

आधी तुझ्या मुलाखतींचं स्वरूप बघ. पुष्कळ ठिकाणी आता छोट्या मुलाखतींची साखळी असते, एमएमआय म्हणतात ती. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ही पद्धत घडली, 2004 मध्ये तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. एकाच परीक्षकाच्या आवडीनिवडीवर निकाल ठरू नये, हा त्यामागचा विचार. दाराबाहेर लावलेला कागद वाचायला दोनेक मिनिटं मिळतात, घंटा होते, आत जायचं. मूळ रचनेत अशी दहा ठाणी होती आणि प्रत्येकाला आठ मिनिटं. कुठे परीक्षक प्रश्न विचारतो, कुठे चिडलेल्या नातेवाइकाच्या भूमिकेत नट बसलेला असतो. एक ठाणं बिघडलं तर ते तिथेच सोडून पुढच्या दारापाशी ताजं उभं राहायचं. सराव याचाच कर, घड्याळ लावून आणि अनोळखी माणसासमोर.

आता "परत का" या प्रश्नाबद्दल. मुलं परदेशातली सगळी वर्षं एका दमात सांगतात, त्यातलं आमच्या लक्षात काही राहत नाही. एक माणूस निवड आणि त्याच्याबद्दलच बोल. आणि मी अशा उमेदवाराला हमखास विचारते, "तुमचं काम आता कोण बघणार?" काम नीट सोपवणं हा डॉक्टरकीचा रोजचा भाग आहे. पाळी बदलताना रुग्णाची माहिती अर्धवट पोचली तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. त्यामुळे तू तिथून कशी निघतेस, याला माझ्या लेखी फार वजन आहे.

चाफेकळी
नर्मदाताई, मनापासून आभार. एक बाई आठवल्या. बाळाला लस द्यायला तयार नव्हत्या, आमच्या केंद्रात त्यांच्या नावापुढे "नकार" असा शेरा होता. मी जात राहिले. एकदा त्या भाजी निवडत होत्या, मीही शेजारी बसून निवडू लागले, तेव्हा बोलल्या. थोरल्याला लशीनंतर रात्रभर ताप होता आणि असं होऊ शकतं हे त्यांना कोणी आधी सांगितलंच नव्हतं. हे सांगितलं तर चालेल? फार साधं वाटतं.

नर्मदा
हेच सांग. पुढे तू काय केलंस तेही सांग, आणि कुठे तुझा इलाज चालत नव्हता, डॉक्टरचीच गरज होती, तेही. "परत का"चं उत्तर त्यातच येईल. त्या बाईंचं नाव आणि गाव मात्र उच्चारू नकोस.

वाटाड्या
केंद्रप्रमुखांना मुलाखतीच्या रजेचं कारण खरं सांगा. शिफारसपत्र त्यांचंच लागेल, आणि तुमच्या जागी येणाऱ्याला त्या घरांची ओळख करून द्यायला वेळही तेच देऊ शकतात.

चाफेकळी
सोमवारी त्यांच्याशी बोलते. पोलीस दाखल्याचा अर्ज आजच भरला. प्रत्यक्ष मुलाखती एका फेरीत बसवण्याबद्दल दोन्ही कॉलेजांना लिहिलंय, उत्तर आलं की इथे कळवते. ठाण्यांच्या सरावासाठी कोणी ऑनलाइन वेळ देऊ शकेल का? माझ्याकडे संध्याकाळ मोकळी असते.