शब्दचर्चा : ‘प्लॉट होल’ला मराठीत काय म्हणावं?

हरिपूरकर :
सायफाय चित्रपटांवर मराठीत लिहिताना ‘प्लॉट होल’साठी, म्हणजे कथेतल्या न जुळणाऱ्या जागेसाठी, शब्द हवा आहे. ‘कथाछिद्र’, ‘कच्चा दुवा’ आणि ‘विसंगती’ हे तीन वाचनात येतात. सांगलीत थिएटरबाहेर कानावर पडतं ते ‘मेळ लागंना’. यांतला कोणता शब्द कुठं वापरावा? गुंतागुंतीचा चित्रपट मनापासून आवडला तरी त्यातल्या न जुळणाऱ्या जागांबद्दल लिहावंच लागतं, आणि सगळ्या जागांना एकच शब्द चिकटवला की चांगल्या चित्रपटावर अन्याय होतो.

वाईकर :
‘कथाछिद्र’ टाळावा. ‘छिद्रान्वेषी’ हा शब्द मराठीत इतका रुळलाय की वाचायच्या आधीच समीक्षक खोड काढायला बसलाय असं वाटतं. ‘कच्चा दुवा’ म्हणजे जोड कमकुवत आहे, तुटलेली नाही. कथेत योगायोग जास्त झाले तर तो शब्द बरोबर. ‘विसंगती’ मात्र जपून वापरावा : चित्रपटानं स्वतः घातलेला नियम स्वतःच मोडला, तरच. आपल्या जगाचा नियम सुरुवातीलाच उघडपणे मोडला असेल तर ते गृहीतक.

हे आपल्या भागाला नवीन नाही. सांगलीजवळच्या हरिपूरच्या देवलांचं ‘संशयकल्लोळ’ घ्या. फाल्गुनरावानं बायकोला एक सरळ प्रश्न विचारला आणि उत्तरावर विश्वास ठेवला तर नाटक पहिल्याच अंकात संपेल. तरी त्याला कोणी विसंगती म्हणत नाही, कारण माणूस संशयी आहे हेच तिथलं गृहीतक आहे. उलट मधेच तो विनाकारण भोळा झाला असता तर संविधानक, म्हणजे कथानकाची बांधणी, फसलं असतं.

माणगंगा :
या यादीत सर्वांत गरजेचा शब्द राहिलाय : अध्याहार. वाक्यात न उच्चारलेलं पण उच्चारलेल्या शब्दांवरून निश्चितपणे घ्यावं लागणारं पद, असा व्याकरणातला अर्थ. अवघड चित्रपटातल्या ‘चुका’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या निम्म्याअधिक जागा अध्याहार असतात.

‘इंटरस्टेलर’ (2014) पाहा. कृष्णविवराजवळच्या पाण्याच्या ग्रहावरचा 1 तास म्हणजे पृथ्वीवरची 7 वर्षं. उतरलेले लोक परततात तेव्हा यानात थांबलेल्या सोबत्याची 23 वर्षं, 4 महिने, 8 दिवस गेलेले असतात. तक्रार अशी की पडद्यावर तर थोडाच वेळ गेला. पण 23.35 भागिले 7 करा, साधारण 3 तास 20 मिनिटं येतात. इंजिनात शिरलेलं पाणी निघायला पाऊण ते एक तास लागेल हे संवादातच आहे. उतरणं, शोधणं आणि परत चढणं उरलेल्या वेळात बसवायचं. आकडे चित्रपटानं दिलेत, बेरीज आपण करायची.

वेळेचं हे प्रमाण जवळपास 61,000 पट आहे. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी त्यासाठी गणित मांडलं : कृष्णविवर जवळपास कमाल गतीनं, त्या कमाल मर्यादेपेक्षा फक्त शंभर लाख कोटींत एक भाग कमी इतक्या वेगानं, स्वतःभोवती फिरत असलं पाहिजे. असं विवर निसर्गात सापडणं फार अवघड, म्हणजे हे असंभाव्य. अशक्य नव्हे. हे दोन शब्दही लिहिताना वेगळे ठेवावेत.

हरिपूरकर :
मग त्याच चित्रपटातलं उड्डाण? पृथ्वीवरून निघायला अनेक टप्प्यांचं अजस्र रॉकेट लागतं. पाण्याच्या ग्रहाचं गुरुत्व पृथ्वीच्या 130 टक्के सांगितलंय, आणि तिथून छोटं यान एकटंच वर येतं. चाहते म्हणतात, पृथ्वीवर इंधन वाचवायचं होतं. हा अध्याहार झाला का?

माणगंगा :
नाही, हे पदरचं. फरक ओळखायची कसोटी सोपी आहे. आपण दिलेल्या स्पष्टीकरणासाठी चित्रपटातला एखादा संवाद, एखादी वस्तू किंवा आकडा बोट ठेवून दाखवता आला तर अध्याहार. दाखवता आला नाही आणि तरी स्पष्टीकरण पटण्यासारखं असलं, तर ते प्रेक्षकानं पदरचं घातलं. इंधनाचं स्पष्टीकरण दुसऱ्या गटात जातं, म्हणून ही जागा प्रामाणिकपणे विसंगती म्हणून नोंदवावी. त्यानं चित्रपटाची उंची कमी होत नाही. बाप आणि मुलीची वयं एकमेकांपासून सुटत जातात, त्या गाभ्याला या यानाचा धक्काच लागत नाही.

वाईकर :
कालप्रवासाच्या चित्रपटांसाठी तर न्यायशास्त्रानं, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रानं, शब्द तयारच ठेवलेत. भूतकाळात जाऊन स्वतःच्या आजोबांना मारणं हा वदतोव्याघात, म्हणजे स्वतःलाच खोडणारी गोष्ट. ‘द टर्मिनेटर’मध्ये (1984) जॉन भविष्यातून ज्याला पाठवतो तोच जॉनचा बाप होतो : जॉन असल्याशिवाय त्याला पाठवणार कोण, आणि तो आल्याशिवाय जॉन कुठला? हा अन्योन्याश्रय. तर्कात हा दोष. कथेत मात्र तो मुद्दाम बांधलेला घाट असू शकतो. म्हणून ‘अन्योन्याश्रय आहे’ असं लिहावं, पुढं ‘दोष’ आपोआप जोडू नये. तीन किंवा जास्त घटना एकमेकींवर टेकून फिरत असतील तर चक्रक.

माणगंगा :
आणि सर्वांत अवघड उदाहरण ‘प्रायमर’ (2004), 77 मिनिटांचा, सुमारे 7,000 डॉलरमध्ये केलेला. ‘ते आणखी मागं का गेले नाहीत?’ हा प्रश्न नेहमी येतो. यातलं कालप्रवासाचं यंत्र म्हणजे माणूस आत बसेल अशी पेटी. नियम असा : पेटी सुरू केली त्या क्षणाच्या मागं जाता येत नाही, आणि जितकं मागं जायचं तितका वेळ आत बसावं लागतं. सकाळी 9 ला सुरू केलेल्या पेटीत दुपारी 3 ला शिरलं की आत सहा तास, मग बाहेर सकाळी 9 वाजता. त्या सहा तासांत जगात एकाच माणसाच्या दोन प्रती असतात. म्हणून पहिली प्रत हॉटेलात दडून बसते. हे धरलं की बरंच उलगडतं. ग्रेंजर हे पात्र मात्र कालप्रवास करून कसं आलं, त्याला कोणी सांगितलं, हे पडद्यावर कधीच कळत नाही. पात्रांनाही कळत नाही. त्याला विसंगती म्हणू नये, अनुत्तरित म्हणावं.

पाहताना पहिल्या खेपेला थांबवू नये, नाहीतर लय तुटते आणि नियमांचा क्रम डोक्यात राहत नाही. दुसऱ्या खेपेला सबटायटल लावून कागदावर दोन रकाने करावेत : संवादातून सांगितलेले नियम, आणि कोणत्या पात्राला त्या क्षणी काय ठाऊक आहे. बहुतेक गफलत दुसऱ्या रकान्यात होते. प्रेक्षकाला ठाऊक असलेली गोष्ट पात्रालाही ठाऊक आहे असं धरलं जातं आणि मग त्याचं वागणं मूर्खपणाचं वाटतं.

हरिपूरकर :
वाक्यात कसं चालवायचं? ‘अध्याहार आहे’ की ‘अध्याहृत आहे’?

वाईकर :
दोन्ही. अध्याहार पुल्लिंगी नाम : ‘इथं तीन तासांचा अध्याहार आहे.’ अध्याहृत विशेषण : ‘मधला प्रवास अध्याहृत आहे.’ आणि ‘प्लॉट होल’ला एक सर्वसाधारण शब्द हवाच असेल, तर प्रकार ठरेपर्यंत ‘न जुळणारी जागा’ लिहावं, ठरला की त्याचं नाव.