बाहेर राहणारे नागपूरकर, तिकडच्या सरकारचं अन् पैशाचं खरं काय ते सांगा

खामल्याचा_दादा

नमस्कार मंडळी. लहान भाऊ मेकॅनिकल झालाय, चार वर्षं बुटीबोरीत काढली, आता दोन ठिकाणांहून ऑफर आलीय. एक जर्मनीत स्टुटगार्टजवळ, गाड्यांचे पार्ट बनवणारी कंपनी. दुसरी दुबईत, मेंटेनन्सचं काम. घरात दोन पार्ट्या पडल्यात. बाबा रोज रात्री यूट्यूबवर 'जर्मनी बुडाली' पाहून झोपतात अन् काका म्हणतात दुबईत टॅक्सच नाही, डोळे मिटून जा. शंकरनगरच्या पानठेल्यावर तर एकानं सांगितलं की युरोपात आता आपल्या लोकांना रस्त्यावर मारून राहिले, म्हटलं तू कधी गेला होता बे, तर म्हणे रील पाहिलं.

मला रीलवालं नको. जे तिथं भाडं भरून राहिलेत, पगाराची स्लिप पाहतात, त्यांनी सांगा. तिथलं सरकार, महागाई, नोकऱ्या, अन् परदेशी माणसाबद्दल लोकांचं डोकं कसं चालून राहिलंय. आईचा एकच प्रश्न आहे, पोरगं परत येईल का, त्याचं उत्तर नाही दिलं तरी चालेल.

स्टुटगार्टचा_वऱ्हाडी

भाऊ, मी त्याच भागात आहे अन् त्याच धंद्यात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

बाबा पूर्ण चुकीचे नाहीत. २०२३ अन् २०२४, सलग दोन वर्षं इथली अर्थव्यवस्था आकसली. रशियाचा स्वस्त गॅस २०२२ मध्ये गेला, वीज महाग झाली, अन् चीन जो आमच्या गाड्या घ्यायचा तो आता स्वतःच्या इलेक्ट्रिक गाड्या विकायला इकडे येऊन राहिला. फोक्सवॅगननं डिसेंबर २०२४ मध्ये युनियनसोबत करार केला, २०३० पर्यंत ३५ हजारांवर जागा कमी करायच्या, पण जबरदस्तीनं कोणाला काढायचं नाही. आमच्या कंपनीत मागच्या वर्षी कुर्त्सआरबाइट लागलं. म्हणजे काम कमी आहे तर तास कमी, अन् जो पगार बुडला त्यातला हातात येणाऱ्या रकमेचा ६० टक्के हिस्सा सरकारी खातं भरतं, पोरंबाळं असतील तर ६७. बुटीबोरीत काम कमी झालं की गेटवर नोटीस लागते ना, इथं हे लागतं. स्लिप पाहिली तेव्हा पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोलू, पण घर चाललं.

राजकारणाचं म्हणाल तर इथल्या लोकांना कर्जाची भल्ली भीती. २००९ पासून घटनेतच लिहून ठेवलंय की केंद्र सरकारनं वर्षाला जीडीपीच्या ०.३५ टक्क्यापेक्षा जास्त तूट करायची नाही, मंदीबिंदीची सवलत सोडली तर. ऐकायला लय शहाणपणाचं वाटतं. पण मग पूल म्हातारे झाले, रेल्वे म्हातारी झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये ड्रेस्डेनला तर पुलाचा एक भाग रात्री नदीतच पडला. याच पैशाच्या भांडणावरून नोव्हेंबर २०२४ मध्ये तेव्हाचे चॅन्सलर (म्हणजे इथले पंतप्रधान) शोल्झनं आपल्या अर्थमंत्र्याला काढलं अन् सरकार गेलं. फेब्रुवारी २०२५ ला निवडणूक झाली, मेर्झ नवे चॅन्सलर म्हणून आले, तेही संसदेत पहिल्या फेरीत पडून दुसऱ्या फेरीत निवडून आले, असं इथं आधी कधी झालं नव्हतं, ऑफिसात त्या दिवशी कोणी काम केलं नाही. त्याआधी मार्चमध्येच घटना बदलून ५०० अब्ज युरोचा फंड काढला, रस्ते पूल रेल्वेसाठी. म्हणजे पैसा आता आहे, पण इथं परवानगीचा कागद हलायला जो वेळ लागतो तो पाहून मला आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसांची आठवण येते.

गंमत सांगतो. नागपूर मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेनं ५० कोटी युरो कर्ज दिलंय. मी हे टीममध्ये मोठ्या कौतुकानं सांगितलं तर एक म्हातारा सहकारी म्हणतो, तुमची वेळेवर धावते का, आमची तर नाही.

परदेशी माणसाचं. एएफडी नावाचा पक्ष आहे, स्थलांतरितांच्या विरोधातला, त्याला २०२५ मध्ये २०.८ टक्के मतं पडली, दुसरा नंबर. पूर्व जर्मनीत जोर जास्त. मला तोंडावर आजवर दोनदाच कोणी काही बोललं, पण बातम्या ऐकताना वाटतं हे आपल्याबद्दलच चाललंय. दुसरीकडे कारखान्यात माणूस मिळत नाही म्हणून हेच लोक आपल्याला बोलावतात. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, सवय होते.

एकट्या माणसाच्या पगारातून ३८-४० टक्के कापले जातात, हे भावाला आधीच सांगून ठेव, नाहीतर पहिल्या महिन्यात रडेल.

संत्राबर्फी

ते एएफडी वाचून दचकले ना, आपल्या मेट्रोला फ्रान्सच्या एएफडी नावाच्या सरकारी बँकेचं पण कर्ज आहे, म्हटलं जर्मन पक्षानं कधीपासून मेट्रोला पैसे दिले 😄

देऱ्यातला_भाऊ

दुबईचं मी सांगतो, अकरा वर्षं झाली.

राजकारणावर माझं मत काय? मत नाही. म्हणजे ठेवतच नाही. इथं दहातले जवळपास नऊ जण बाहेरचे, आम्हाला वोट नाही, सोशल मीडियावर सरकारबद्दल लिहायचा विचारही करायचा नाही, कायदा कडक आहे. पहिली दोन वर्षं अवघड गेलं, आपण महालच्या चौकात बसून नगरसेवकापासून पंतप्रधानापर्यंत सगळ्यांचे कान उपटणारी माणसं. नंतर शांत वाटायला लागलं, हे कबूल करायला मला थोडी लाज वाटते.

काकांना सांगा, पगारावर टॅक्स नाही हे खरं, पण बाकी सगळं हळूहळू आलं. २०१८ पासून व्हॅट ५ टक्के, २०२३ पासून कंपन्यांच्या नफ्यावर ९ टक्के. घरभाडं महिन्याचं नसतं, वर्षभराचे चेक आधी द्यावे लागतात, चार चेक, दोन चेक, मालक जसा म्हणेल तसे. वीज-पाण्याच्या बिलात भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी. सालिकचा, म्हणजे रस्त्याचा, टोल गर्दीच्या वेळी ६ दिरहम झालाय. अन् दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला, ३.६७२५ ला एक डॉलर, त्यामुळे माझ्या फ्लॅटच्या कर्जाचं व्याज खरं पाहिलं तर वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेत ठरतं. रुपया पडला की मी खुश होतो, २०१४ ला एका दिरहमला १७ च्या आसपास रुपये यायचे, २०२५ मध्ये तेवीस-चोवीस यायला लागले. इकडे मी खुश अन् तिकडे बाबांना पेट्रोल महाग, एकाच घरातली गोष्ट आहे.

नोकरी गेली की व्हिसाचं घड्याळ चालू होतं, इथं कुर्त्सबिर्त्स काही नाही. बेकारी विमा २०२३ पासून सक्तीचा झालाय, पण जास्तीत जास्त तीन महिने मिळतो.

लेस्टरची_सिस्टर

दोन्हीपैकी नाही, पण बोलते. मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, मेडिकल चौकातून थेट इकडे.

देऱ्यातले भाऊ वोट नाही म्हणतात, मी जुलै २०२४ मध्ये इथल्या निवडणुकीत मत दिलं. पासपोर्ट भारताचा! राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना इथं रहिवासी असले की मत देता येतं. ओळखपत्र मागितलं, मी भारतीय पासपोर्ट दाखवला, त्या बाईनं यादीत नाव शोधलं, कागद दिला अन् झालं. बाहेर येऊन दोन मिनिटं उभीच राहिले. अन् नागपुरात? फॉर्म ६ए भरून परदेशातल्या भारतीयाचं नाव यादीत येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर जावं लागतं. एका मतासाठी विमानाचं तिकीट कोण काढणार.

पण मत देऊनही काय. ज्यांना दिलं त्यांनीच मे २०२५ मध्ये प्रस्ताव आणला की कायम राहायचा हक्क पाच ऐवजी दहा वर्षांनी. माझी साडेचार झाली होती हो. वॉर्डात त्या रात्री आम्ही केरळच्या, फिलिपीन्सच्या, मी, सगळ्या गप्प बसून होतो. लाखो लोक इथं ऑपरेशनच्या वेटिंग लिस्टवर, नर्स कमी, अन् तरी.

मिहानवाला

मी कॅनडातल्या टोरोंटोहून परत आलोय, खरं बोललो तर राग येईल, तरी बोलतो. आपले लोक बाहेरच्या देशाबद्दल जे मत देतात ते अर्थव्यवस्थेवर कमी अन् व्हिसा कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर जास्त असतं. स्टुडंट असताना मी म्हणायचो काय मोकळा देश आहे. पीआर, म्हणजे कायम राहायचा हक्क, आल्यावर मीच म्हणायला लागलो की आता जास्त लोक येऊन राहिलेत, भाडी वाढली. २०२४ च्या जानेवारीत स्टुडंट व्हिसावर मर्यादा आली अन् खात्यात दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून २०,६३५ केली, तेव्हा आमच्या ग्रुपमधले निम्मे खुश होते. काल आलेले परवा येणाऱ्यावर दार लावून राहिले. अन् तिकडे परदेशी माणसाला सांभाळणारा पक्ष पाहिजे, इकडे मात्र बिहारमधून आलेला पानठेलेवाला डोळ्यात खुपतो.

स्टुटगार्टचा_वऱ्हाडी

मिहानवाला, लागलं. पण सगळ्यांना एकाच मापात नको, माझं मत स्लिपवर ठरतं हे मी आधीच कबूल केलंय.

खामल्याचा_दादा

एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं, बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. व्याजवाल्या भागावर काका गप्प झाले. भाऊ जर्मनीकडे झुकून राहिला. स्टुटगार्टवाले भाऊ, एकच विचारतो, ऑफर लेटरमध्ये प्रोबेत्साइट, म्हणजे प्रोबेशन, सहा महिने लिहिलंय, त्यात कुर्त्सआरबाइट आलं तर नवीन माणसाचं काय होतं?

स्टुटगार्टचा_वऱ्हाडी

तोच खरा धोका. प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांची नोटीस देऊन काढता येतं, कारण सांगायची गरज नाही. कंपनी इलेक्ट्रिकचे पार्ट बनवते की इंजिनाचे, हे आधी विचारून घे. इंजिनाचे असतील तर मला मेसेज कर, मग फोनवर बोलू.