गाण्यांत सुवर्ण गुणोत्तर शोधतेय, आकडे जुळत नाहीत. मदत हवी आहे

तालवेडी: चाळीस गाणी मोजून झाली. एकूण लांबी गुणिले ०.६१८ (हेच सुवर्ण गुणोत्तर), आणि तिथे गाण्यात काय घडतं ते बघायचं. काहींत अगदी बरोबर, काहींत दहा-पंधरा सेकंद पुढेमागे. कुठे चुकतंय? शनिवारी लेख द्यायचाय, लवकर सांगा.

आकडेमोड: ‘काय घडतं’ म्हणजे नक्की काय? ब्रिज (कोरसांच्या मधे येणारा वेगळ्या चालीचा भाग) की शेवटचा कोरस (ध्रुवपद)? लांबी कुठून कुठवर?

तालवेडी: फाइलची लांबी. ब्रिज किंवा कोरस, जे जवळ असेल ते.

आकडेमोड: इथेच घोळ आहे. ५ टक्के पुढेमागे चालवून घेतलं, तर गाण्याचा दहावा हिस्सा ‘जुळणारा’ ठरतो. भाग बदलायच्या सात जागा असतील, तर एखादी तिथे सापडायची शक्यता निम्म्याहून जास्त. आधी एकच जागा ठरवा.

सूरपेटी: सेकंद सोडा हो, बार (ठरावीक ठोक्यांचे गट) मोजा! मी अरेंजिंग करतो. आठ-आठ बारचे तुकडे धरा: इंट्रो, कडवं, कोरस, कडवं, कोरस, ब्रिज, कोरस, कोरस. ब्रिज येईपर्यंत आठातले पाच संपले, म्हणजे ०.६२५. कुणी मुद्दाम सुवर्ण गुणोत्तर घातलेलं नसतं.

मात्रावृत्त: ५, ८, १३ हे फिबोनाची आकडे: प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज, आणि शेजारच्या दोघांचं गुणोत्तर ०.६१८ च्या जवळ. ते फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथाआधीच हेमचंद्रांनी छंदशास्त्रात दिलेत. लघु-गुरू मांडून चार मात्रा ५ प्रकारे भरतात, पाच मात्रा ८, सहा मात्रा १३.

सूरपेटी: छान आहे, पण त्यांनी हे विचारलेलं नाही.

जुनारसिक: मुद्दाम नसतं कसं? हंगेरियन संगीतकार बार्टोकची १९३६ ची तंतुवाद्यांची रचना घ्या. पहिल्या भागात ८९ पैकी ५५ व्या बारला कळस.

आकडेमोड: स्वरलिपीत बार ८८ च आहेत. बार्टोकचे अभ्यासक लेंडवाईंनी शेवटी विरामाचा एक बार धरला, तेव्हा ८९ झाले.

जुनारसिक: एका बारने कळस हलत नाही.

खूणगाठ: ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) लेबलं टाका, सगळं लख्ख दिसतं. मी तसंच करतो.

तालवेडी: टाकली. एक गाणं ३:४० चं, तर खूण २:१६ ला येत होती. सुरुवातीची ३ सेकंदांची शांतता आणि शेवटी विरत जाणारे १७ सेकंद कापले, तर मूळ फाइलमध्ये २:०७ ला आली! आता फक्त ब्रिजची सुरुवात, तीही बारमध्ये. पण अकरा गाण्यांत ब्रिजच नाही. ती गाळू?

आकडेमोड: गाळा, पण अकरा गाळली आणि का गाळली, हे लेखात लिहा.