बिजाच्या अर्काचं अमायलेज इन्हिबिशन उणे येतंय, मदत हवी आहे

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला बिजाचं लाकूड घेतलंय (पुस्तकातला बिवळा, टेरोकार्पस मार्सुपियम). कारण घरचंच आहे. बाबांना शुगर आहे. रात्री ते बिजाच्या पेल्यात पाणी भरून ठेवतात. सकाळी पाणी पिवळट-तपकिरी झालेलं असतं आणि उन्हात धरलं की कडेला निळसर झाक मारतं. तेच उपाशीपोटी पितात.

गाभ्याच्या लाकडाचा भुसा १० ग्रॅम, १०० मिली पाण्यात रात्रभर, गाळून वॉटर बाथवर आटवला. दुसरा अर्क मिथेनॉलमध्ये. डीपीपीएच (अँटिऑक्सिडंट गुण तपासायची चाचणी) छान आलं. अंधारात अर्ध्या तासात जांभळा रंग पिवळा पडला, ५१७ नॅनोमीटरचं रीडिंग (रंग किती गडद ते) अर्क वाढवला तसं उतरत गेलं.

घोडं अडलंय अल्फा-अमायलेजवर (स्टार्च तोडून माल्टोज ही साखर बनवणारं एन्झाइम; अर्क त्याला किती अडवतो ते इन्हिबिशन). १ टक्का स्टार्च, पीएच ६.९ चा फॉस्फेट बफर, शेवटी डीएनएसए (अशा साखरेने लाल होणारं रसायन) टाकून पाच मिनिटं उकळत्या पाण्यात, मग ५४० ला रीडिंग. अकार्बोज (हे एन्झाइम अडवणारं शुगरचं औषध) व्यवस्थित अडवतंय, म्हणजे एन्झाइम मेलेलं नाही (इथे लाइट गेली की फ्रीज बंद, म्हणून आधी तोच संशय होता). पण अर्काच्या नळ्या कंट्रोलपेक्षा (अर्क न टाकलेल्या नळीपेक्षा) जास्त लाल! इन्हिबिशन उणे १८ टक्के, मिथेनॉलचं त्याहून खाली. तीनदा केलं. एन्झाइम न टाकता नुसता अर्क आणि डीएनएसए उकळलं, तेही लालसर झालं. मग यात माल्टोजचा रंग किती आणि अर्काचा किती, हे वेगळं कसं काढायचं?

दुसरं. बाबा म्हणतात, "पेल्याचं पाणी आहे ना, मंग गोळी कायले पाहिजे?" आठवडा झाला, गोळी घेतलेली नाही. माझ्या नळ्यांवरून त्यांना काय सांगू?

प्रतिसाद:
ताई, नुसता अर्क उकळून पाहिलात तिथेच उत्तर आहे. डीएनएसए फक्त माल्टोजवर थांबत नाही, क्षपण करणारं (इलेक्ट्रॉन देणारं) काहीही त्याला लाल करतं. डीपीपीएचला पिवळा पाडणारे अर्कातले फिनॉल इथेही हात मारतात. प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला वेगळा ब्लँक (वजा करायची तुलनेची नळी) लावा: अर्क, स्टार्च, बफर, डीएनएसए सगळं, फक्त एन्झाइम नाही. ते रीडिंग नमुन्यातून वजा करून मगच टक्केवारी काढा. जोडीला अल्फा-ग्लुकोसिडेज (साखर तोडणारं दुसरं एन्झाइम) पीएनपीजीने (तुटलं की पिवळा रंग देणारं रसायन) करा, ४०५ ला. तिथला पिवळा रंग क्षपणातून येत नाही, पण अर्काच्या रंगाचा ब्लँक तिथेही हवाच. नळी गढूळ झाली तर अर्कातल्या टॅनिनने एन्झाइमचा साका बसवला असेल, ते इन्हिबिशन खरं धरू नका.

बाबांना मात्र लगेच आरोग्य केंद्रात न्या. नळीत एन्झाइम अडलं म्हणजे रक्तातली साखर उतरली असं नव्हे. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची तपासून घ्या. पेल्याचं पाणी पितात हेही डॉक्टरांना सांगा, गोळीसोबत साखर फार खाली गेली तर त्यांना कारण कळायला हवं.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. बाबांना सकाळीच नेते, पेलाही सोबत घेते. ब्लँकच्या नळ्या दुपारी लावते आणि आकडे इथेच टाकते.