शिडाचं जहाज, पण चालतं डिझेलवर: स्वालबार्डच्या 'खऱ्या' सफरीबद्दल

कोरडा_दर्यावर्दी (धागाकर्ता)

उनाड_खलाशी यांची परवाची पोस्ट जो तो पुढे ढकलतोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार: स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांवर, आर्क्टिक बघायचं तर वीस जणांच्या शिडाच्या जहाजातूनच, मोठी क्रूझ म्हणजे तरंगतं मंगल कार्यालय; शिडाचं जहाज वाऱ्यावर चालतं, म्हणजे प्रदूषण शून्य; आणि कप्तानाच्या मनात येईल तिथे उतरता येतं. यावर भरवसा ठेवून लोक मुदत ठेवी मोडायला निघालेत, म्हणून लिहितोय.

आधी वाऱ्याचं. सफरी जिथून निघतात ते लाँगइयरब्येन गाव ७८ अंश १३ मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे. ८० अंशांची रेषा गाठायची तर नुसतं अक्षांशातलं अंतर १०७ सागरी मैल. पण सरळ वर जाता येत नाही. आधी इस्फ्योर्डमधून (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधली खोल खाडी) पश्चिमेला बाहेर पडायचं, मग किनाऱ्याने उत्तरेला, म्हणजे दीडशेच्या पुढे. सफर आठवड्याची आणि परतीचं विमान ठरलेलं. वारा उत्तरेकडून लागला तर स्कूनर, म्हणजे असलं शिडाचं जहाज, वाऱ्याच्या तोंडाशी पन्नास-पंचावन्न अंशांहून जवळ जात नाही. नागमोडी जावं लागतं आणि अंतर दीड ते पावणेदोन पटीवर जातं. उन्हाळ्यात फ्योर्डच्या आत बरेचदा वाराच नसतो, नाहीतर हिमनदीवरून उतरणारा गार वारा अचानक सुटतो आणि थोड्या वेळाने पडतो. पाण्यावर बर्फाचे तुकडे असतील तिथे शिडं उतरवलेलीच असतात, कारण तिथे झटकन थांबता आणि मागे सरता यायला हवं. ते काम इंजिनाचं. शीड चढतं कधी, तर वारा बाजूने किंवा मागून, चार-पाच बोफोर्टचा (म्हणजे मध्यम जोराचा), आणि हातात मोकळा वेळ असेल तेव्हा.

आता 'शून्य' प्रदूषण. इंजिन ताशी ५० लिटर पितं आणि दिवसात १० तास चालतं असं धरा. केबिन गरम ठेवायला, स्वयंपाकघराला, गोड्या पाण्याला जनरेटर चोवीस तास, त्याचे १०० लिटर धरा. झाले ६००. प्रवासी २०, म्हणजे माणशी ३० लिटर. लिटरला २.६८ किलोप्रमाणे रोजचे ८० किलो कार्बन डायऑक्साइड, सात दिवसांचे ५६० किलो. आणि मुंबई-ओस्लो-लाँगइयरब्येन जाऊन-येऊन १७ हजार किलोमीटरच्या आसपास उडायचं ते वेगळंच. किलोमीटरला शंभर ग्रॅम धरले तरी १.७ टन. शिडाने त्यातलं काय वाचवलं?

तिसरं, 'मनात येईल तिथे'. १ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डचे नियम बदललेत. जमिनीचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग संरक्षित आहे आणि तिथे पर्यटक जहाजांना ४३ ठरलेल्या जागांवरच उतरता येतं. लहान जहाजाचं खरं भांडवल होतं ते कुणी न गेलेल्या खाचेत शिरणं. संरक्षित भागापुरतं ते संपलं. जाहिरातीतली वाक्यं मात्र तशीच आहेत.

लहान जहाज चांगलंच. पण ते लहान आहे म्हणून. डोलकाठ्या आहेत म्हणून नाही.

उनाड_खलाशी

व्वा. कॅल्क्युलेटर घेऊन बसलात की आर्क्टिकसुद्धा वीजबिलासारखं दिसतं.

तुमच्या हिशेबात शीड म्हणजे फक्त ढकलणारं यंत्र. इंजिन चालू असतानाही शीड चढवतात हे ठाऊक असेलच, मग लिहिलं का नाही? बाजूने लाटा येत असतील तर ताणलेलं शीड जहाजाचं डोलणं आवरतं. नुसत्या इंजिनवर तेच जहाज असं लोळतं की टेबलावर ताट ठरत नाही.

आणि खोलीचं काय? प्रिन्स कार्ल्स फोरलँड बेट आणि मुख्य किनारा यांच्यामधल्या फोरलँडसुंड या सामुद्रधुनीच्या उत्तरेकडच्या भागात उथळ वाळूचा पट्टा आहे. तीन-सव्वातीन मीटर बुडणारं जहाज त्यावरून जातं, मोठ्याला बेटाच्या बाहेरून खुल्या समुद्राच्या लाटा खात जावं लागतं. किनाऱ्यावर उतरायचं तर दोन रबरी होड्यांच्या एका फेरीत वीसही जण बाहेर. दोनशे प्रवाशांच्या जहाजावर गट पाडतात आणि तुमची पाळी येईपर्यंत तुम्ही लाइफ जॅकेट घालून जिन्यात उभे.

इंजिन बंद केल्यावर काय ऐकू येतं ते मी लिहिणार नाही, त्याचे लिटर मोजता येत नाहीत.

आकडेबाज

उनाडराव, तुमचे तीनपैकी दोन मुद्दे जहाजाच्या आकाराचे आहेत, शिडाचे नाहीत. धागाकर्ते तेच म्हणतायत. डोलणं आवरण्याचा मुद्दा मात्र रास्त.

पण लहान जहाज डोलतं ते डोलतंच. फोरलँडसुंडच्या आडोशातून निघालं की खुला समुद्र आहे. ॲव्होमिन समुद्र लागायच्या तास-दोन तास आधी घ्यायची. ओकारी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतच नाही. आपले लोक नेमकं उलटं करतात, वर उपाशीपोटी केबिनमध्ये आडवे होतात. कोरडी बिस्किटं, डेकवर मागच्या बाजूला, नजर क्षितिजावर.

दुसरं कुणी बोलत नाही ते डॉक्टरचं. एवढ्या लहान जहाजावर बहुतेक वेळा डॉक्टर नसतो. हेलिकॉप्टर लाँगइयरब्येनहून येणार, धुकं असेल तर तेही थांबणार. तिथलं रुग्णालय छोटं, गंभीर रुग्ण नॉर्वेच्या मुख्य भूमीवर ट्रोम्सोला हलवतात. विम्यात शोध आणि बचाव हे शब्द छापलेले आहेत का ते बघून मगच पैसे भरा.

मुक्तछंद

वारा झाला, डिझेल झालं. आता ज्याच्यावर सगळी सफर टिकते त्या गमबुटांबद्दल कुणी बोलेल का? पुण्यातून जाणारे अजूनही महागडे ट्रेकिंगचे बूट घेऊन जातात आणि पहिल्याच उतरणीला मोजे पिळतात.

घाटवाटा

का बरं? चांगले वॉटरप्रूफ ट्रेकिंग बूट घोट्याच्या वरपर्यंत असतात. होडीतून उतरल्यावर दोन पावलं तर पाण्यात टाकायची. गमबूट घालून दगडगोट्यांत तीन तास चालून दाखवा, मग बोलू.

मुक्तछंद

दोन पावलं, पण पाणी गुडघ्याच्या खाली वीतभर. होडीचं नाक वाळूला टेकतं, तुम्ही फुगीर कडेवर बसून पाय बाहेर टाकता, आणि नेमकी मागून लाट येते. ट्रेकिंगच्या बुटात पाणी वरून शिरतं आणि एकदा शिरलं की वॉटरप्रूफ अस्तर ते बाहेर सोडत नाही. पाण्याचं तापमान शून्याच्या थोडंच वर. जहाजाच्या दमट केबिनमध्ये तो बूट दुसऱ्या दिवशीही ओलाच. म्हणून गुडघ्याच्या जरा खालपर्यंतचा बूट हवा, ३५ ते ४० सेंटिमीटर उंच. आणि वॉटरप्रूफ पँट बुटाच्या बाहेरून. आत खोचलीत तर पँटवरून ओघळलेलं सगळं पाणी बुटात.

शेजारचा_बाळू

एवढं काही नसतं हो. आमच्या शेजारच्या काकू दापोलीच्या बाजारातले भातलावणीचे गमबूट घालून गेल्या, पूर्ण सफर केली, ठणठणीत परत आल्या.

मुक्तछंद

काकूंना नमस्कार. पण ते बूट साध्या पीव्हीसीचे. कोकणातल्या पावसात २५ अंशांना मऊ असतात, शून्याजवळ गेले की टणक होतात, आणि टणक तळवा ओल्या शेवाळलेल्या दगडावर धरत नाही. अस्तर नसतं ते वेगळंच. रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा बूट थंडीत मऊ राहतो, निओप्रीनचं अस्तर असेल तर उत्तम. माप एक नंबर मोठं. आत पातळ मोजा, त्यावर लोकरीचा जाड, खाली नमद्याचा सुटा तळवा. बोटं हलली पाहिजेत. थंडी वाजते म्हणून तीन मोजे कोंबले की रक्तच फिरत नाही आणि पाय आणखी गारठतात.

घाटवाटा

बरं. किनाऱ्याची लढाई तुम्ही जिंकलात, अभिनंदन. पण मोरेनवर, म्हणजे हिमनदीने टाकलेल्या दगडांच्या ढिगांवर, घोट्याला आधार काय देणार, नमदा? पिशवीत ट्रेकिंगचे बूट न्यायचे, वाळूवर बदलायचे आणि गमबूट भरतीच्या रेषेच्या वर, पिशवीत घालून दगडाखाली ठेवायचे. यात काय अडचण आहे ते सांगा.

कोरडा_दर्यावर्दी (धागाकर्ता)

अडचण अशी की सगळ्यांनी एकत्रच राहायचं असतं. बंदूक गाईडकडे आहे. वीस जण दहा मिनिटं नाड्या बांधत बसले तर तो तेवढा वेळ अस्वलासाठी टेकड्यांवर नजर ठेवून उभा. शिवाय परततानाही तेच. आणि धागा बुटांचा नाही, याची नोंद घ्यावी.

वास्कोकर

आता बुटांचाच आहे, सोडून द्या.

माझं एक गाऱ्हाणं. सफर नी-ऑलेसुनला, म्हणजे तिथल्या संशोधकांच्या गावाला, थांबणार म्हटलं की आपले लोक 'हिमाद्री'त चहा प्यायला जायच्या बेतात असतात. हिमाद्री २००८ पासून आहे, कारभार आमच्या वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे. ते संशोधन केंद्र आहे, पर्यटकांसाठी उघडं नाही. गावात आखलेल्या रस्त्यावरूनच चालायचं, फोटो बाहेरून काढायचा. आणि गावाभोवती २० किलोमीटर रेडिओ शांतता असते: वायफाय, ब्लूटूथ बंद, फोन विमान मोडवर. हातातलं घड्याळ आणि कानातली बटणं विसरतात लोक. भारतीय आहोत म्हणून तिथल्या संशोधनाच्या नाजूक उपकरणांना आपले सिग्नल गोड लागत नाहीत.

व्हिसाचंही सांगून टाकतो. स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. ओस्लोहून निघताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता, परतताना पुन्हा आत येता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीच्या वेळी तो संपलेला. कमीत कमी दोन प्रवेश मागायचेच.

उनाड_खलाशी

अस्वलाचा विषय निघालाच आहे तर, धागाकर्ते, लहान जहाज शांतपणे जवळ सरकू शकतं हा फायदा तरी मोजा.

कोरडा_दर्यावर्दी (धागाकर्ता)

मोजला असता. पण २०२५ च्याच नियमांनी अस्वलापासून ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर अंतर सक्तीचं केलंय. शिडाला सवलत नाही. जवळ आढळलं तर तुम्हीच मागे व्हायचं. संरक्षित भागात ड्रोन बंद. ३०० मीटरवरचं अस्वल मोबाइलमध्ये पिवळट ठिपका दिसतं. दुर्बीण न्या, ८ बाय ४२ ची. १० पटीची हलत्या डेकवर नुसती थरथरते. आणि जुलैत ऑरोरा (रात्रीच्या आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश) दिसेल का असं विचारू नका. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही.

उनाड_खलाशी

म्हणजे तुमच्या मते घरीच बसावं.

आकडेबाज

असं कुणीही म्हटलेलं नाही. उलट लहान जहाजावर एक गोष्ट बघायला मिळते जी मोठ्यावर कुणी दाखवणार नाही: नांगरावरची रात्रपाळी. खोलीच्या चार-पाच पट साखळी सोडलेली असते, हिमनदीने आणलेल्या गाळात नांगर कधी धरतो, कधी सरकतो. ओहोटीबरोबर खोलीएवढा बर्फाचा तुकडा साखळीवर येऊन बसला तर नांगर उपटला जातो. म्हणून कुणीतरी जागं असतं, लांब काठीने लहान तुकडे ढकलतं, मोठा दिसला की कप्तानाला उठवतं. प्रवाशांनी हात लावला तर चालतो. उनाडरावांनी पोस्टमध्ये वाऱ्याऐवजी हे लिहायला हवं होतं.

उनाड_खलाशी

ठीक. 'शून्य प्रदूषण' काढतो पोस्टमधून. आनंद झाला असेल सगळ्यांना. मात्र 'खरी सफर' तशीच राहील, आणि त्याचे लिटर काढून दाखवा.

कोरडा_दर्यावर्दी (धागाकर्ता)

'मनात येईल तिथे उतरता येतं' तेही काढा.

उनाड_खलाशी

इस्फ्योर्डचा बराचसा भाग संरक्षित क्षेत्राबाहेर आहे. तिथे येतं. 'बऱ्याच ठिकाणी' करतो. पुरे?

नवी_प्रवासी

भांडण चालू द्या, मला फक्त बुटांचं विचारायचंय. माझं माप युरोपियन ३६. जहाजावर बूट उसने मिळतात असं माहितीपत्रकात आहे. त्यावर विसंबू का?

मुक्तछंद

आरक्षण करतानाच माप लेखी कळवा आणि ३६ आहे का याचं उत्तर लेखीच मागा. लहान मापं कमी असतात, आणि ३८ च्या बुटात तीन मोजे घालून चालायला लागलात की टाच घासून फोड येतोच. 'नाही' म्हणाले तर इथूनच ३७ चा घेऊन जा, आत वर सांगितलेले दोन मोजे बसतील. तळवा सुटा निघतो का ते दुकानातच काढून बघा. ओला झाला तर बूट उलटा टांगायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे, तळवा वेगळा वाळवायचा. बूट हीटरवर ठेवू नका, डिंक सुटतो.

आणि निघण्याआधी तळव्याच्या खाचा ब्रशने आणि बॅगेचं, जॅकेटचं वेल्क्रो सुईने साफ करा. गवताचं बी तिथेच अडकतं. जहाजावर चढल्यावर गाईड तपासतो. सगळी रांग मागे ताटकळत असताना डेकवर बसून कुसळं वेचावी लागतात.

घाटवाटा

ट्रेकिंगच्या बुटांच्या खाचाही साफ कराव्या लागतात ना? म्हणजे न्यायला हरकत नाही.

मुक्तछंद

न्या हो, न्या. गावात फिरायला उपयोगी पडतील.